जुनी पिकअप घेताना गाडीने आजवर काय वाहिले ते पाहावे

जुनी पिकअप विकणारा मनुष्य साधारणपणे तीन गोष्टी आधी सांगतो: गाडी कोणत्या सालची आहे, किती किलोमीटर चालली आहे आणि मालक कितवा आहे. या गोष्टी विचारायलाच हव्यात, परंतु मालवाहू गाडीच्या बाबतीत त्यांहून मोठा एक प्रश्न असतो आणि तो फार थोडे लोक विचारतात. या गाडीने आजवर काय वाहिले? एकाच वर्षी, एकाच शोरूममधून बाहेर पडलेल्या दोन गाड्यांपैकी एक सहा वर्षे गावातून शीतकरण केंद्रापर्यंत दुधाचे कॅन नेत असेल आणि दुसरी वीटभट्टीवरून विटा, तर मीटरवरचा आकडा सारखा असला तरी त्या दोन गाड्यांचे वय सारखे राहत नाही.

हे मी अनुभवाने शिकलो. आमच्या घरी शेतमालासाठी घेतलेली पहिली जुनी पिकअप इतकी नीटनेटकी होती की आम्ही तिच्या खाली वाकून पाहिलेच नाही. केबिन धुतलेली, मागचा मालाचा हौदा नव्याने रंगवलेला आणि खालची चॅसीसुद्धा, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडाही, काळ्या रंगाने चकचकीत केलेली होती. चार महिन्यांनी टोमॅटोचे क्रेट भरून निघालेली ती गाडी घाटाच्या पायथ्याशी एका बाजूला कलली, तेव्हा मागच्या पाट्याच्या, म्हणजे पट्टीच्या स्प्रिंगच्या, ब्रॅकेटजवळ चॅसीला पूर्वीच तडा गेला होता आणि तो वेल्डिंग करून रंगाखाली झाकला होता, हे उघड झाले. तो माल वाया गेला, गाडी पंधरा दिवस उभी राहिली आणि गाडी घेताना वाचवलेले पैसे एकाच दुरुस्तीत निघून गेले. थोड्या पैशांत गाडी घेणाऱ्यावर अशी वेळ येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गाडी पाहायला निघण्यापूर्वी आपले काम कागदावर मांडावे. किती वजन, किती अंतर, कोणता रस्ता आणि महिन्यातून किती फेऱ्या, एवढे स्पष्ट झाले की निम्मी निवड आपोआप होते. उदाहरणार्थ, वीस किलो टोमॅटो मावणारे पन्नास क्रेट न्यायचे असतील आणि रिकामा क्रेट दोन किलोंचा धरला, तर माल 1,100 किलोंचा होतो. 2005 साली बाजारात आलेली आणि गावोगावी 'छोटा हत्ती' म्हणून ओळखली जाणारी टाटा एस ही पाऊण टनाच्या आसपासच्या मालाची गाडी आहे, त्यामुळे हा माल तिचा नव्हे. तिच्या सुरुवातीच्या डिझेल गाड्यांचे इंजिन दोन सिलिंडरचे, 702 सीसीचे आहे. पेठेतल्या अरुंद गल्ल्या, किराणा मालाचे वाटप, पाण्याचे जार, भाजीचे गाळे यांसाठी तिच्यासारखी सोय दुसऱ्या गाडीत क्वचित मिळते. मात्र रोज घाट चढणाऱ्याने तिच्याकडून अपेक्षा बेताच्याच ठेवाव्यात. 2016 साली आलेली मारुती सुपर कॅरी याच वजनगटातली आहे. टन-सव्वा टनाच्या कामासाठी 2011 साली आलेली अशोक लेलँड दोस्त आणि 2019 साली आलेली टाटा इंट्रा यांचा विचार करावा. त्यापुढच्या वजनासाठी आणि कच्च्या रस्त्यासाठी महिंद्राची बोलेरो पिकअप ग्रामीण महाराष्ट्रात सर्वांत जास्त दिसते. ती जास्त दिसते म्हणूनच तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि तिचे इंजिन उघडता येणारा मेकॅनिक जवळपास सापडतो. कमी पैशांत गाडी घेणाऱ्यासाठी ही बाब इंजिनाच्या ताकदीइतकीच महत्त्वाची आहे, असे माझे मत आहे. त्याच कारणाने जुन्या बाजारात बोलेरोची किंमतही चढीच राहते. आपल्या भागात ज्या गाडीचे काम करणारा मेकॅनिक नाही, ती गाडी पन्नास हजारांनी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

किती माल भरता येतो हे विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नये, तर आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, वाचावे. आरसीवर गाडीचे रिकामे वजन आणि मालासह एकूण वजन असे दोन आकडे असतात आणि त्यांच्यातला फरक म्हणजे कायद्याने भरता येणारा माल. चालक आणि सोबत्याचे वजनही त्यातच आले. "दोन टन आरामात ओढते" असे कोणी कौतुकाने सांगितले, तर त्याचा अर्थ ती गाडी आजवर क्षमतेबाहेर भरली गेली आहे, एवढाच घ्यावा. जादा मालासाठी मोटार वाहन कायद्यात 2019 सालच्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी 2,000 रुपये दंड आहे. छोट्या वाहतूकदाराची आठवड्याची कमाई अशा एका पावतीत जाते.

आता पैशांचे. हातात चार लाख असतील, तर चार लाखांची गाडी शोधू नये. माझा हिशेब असा आहे की एकूण रकमेचा पाचवा हिस्सा बाजूला काढावा आणि उरलेल्या रकमेत, म्हणजे सव्वातीन लाखांच्या आत, गाडी बसवावी. जुन्या मालवाहू गाडीला घरी आल्यावर टायर, बॅटरी, ब्रेक लायनर, क्लच प्लेट यांपैकी काही ना काही लागतेच. त्याखेरीज विमा, नाव बदलणे आणि गाडी फिटनेसला, म्हणजे रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याच्या सरकारी तपासणीला, आली असेल तर तिची त्या तपासणीसाठी करावी लागणारी डागडुजी, हे खर्च टळत नाहीत. कर्ज काढायचे असेल, तर जुन्या गाडीवरचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा जास्त असतो, हे धरूनच हप्त्याचे गणित करावे. हप्ता भरण्यासाठी रोज जादा माल भरावा लागत असेल, तर ती गाडी आपल्या ऐपतीची नाही.

गाडी कोठून घ्यावी याला एकच उत्तर नाही. ओळखीच्या माणसाची, एकाच कामावर चाललेली गाडी मिळाली तर तिच्यासारखे दुसरे काही नाही, कारण तिचा इतिहास गावाला ठाऊक असतो. दुसरा भरवशाचा मार्ग म्हणजे आपला मेकॅनिक; कोणती गाडी वेळेवर ऑइल बदलायला येते आणि कोणती बंद पडल्यावरच येते, हे त्याला माहीत असते. दलालाकडे निवड मोठी असते, पण गाडी आधीच धुऊन-रंगवून ठेवलेली असते. हप्ते थकल्यामुळे वित्तकंपनीने ओढून आणलेल्या गाड्या लिलावात स्वस्त दिसतात. तेथे बहुधा गाडी चालवून पाहता येत नाही, जशी आहे तशी घ्यावी लागते आणि हप्ते थकवणाऱ्याने देखभालही थकवलेली असण्याची शक्यता मोठी असते. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याने लिलावाच्या वाटेला जाऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

गाडीने काय वाहिले, याची उत्तरे हौद्यात लिहिलेली असतात. हौद्याचा पत्रा जागोजागी खोल दबलेला असेल आणि फाळक्यांच्या, म्हणजे हौद्याच्या बाजूच्या पत्र्यांच्या, कडा वाकलेल्या असतील, तर दगड, विटा, लोखंड यांची वाहतूक झालेली आहे. सांध्यांमध्ये सिमेंट घट्ट बसलेले असेल, तर ते नव्या रंगाखालूनही बोटांना लागते. मासळी वाहिलेल्या गाडीकडे विशेष लक्ष द्यावे. बर्फाचे खारट पाणी हौद्यातून सतत चॅसीवर ठिबकते आणि लोखंड आतून खाते. कोकण किनाऱ्यावरची खारी हवा त्यात भर घालते. अशा गाडीच्या चॅसीवर लहान हातोडीने हलके ठोके मारत जावे. चांगले लोखंड खणखणीत वाजते, तर गंजलेल्या जागी आवाज बद्द येतो आणि पापुद्रे सुटतात. भाजीपाला, दूध, बेकरीचा माल किंवा औषधे वाहिलेली गाडी जास्त किलोमीटर चाललेली असली तरी मी तिला पसंती देईन.

पुरात बुडालेल्या गाडीचा धोका वेगळा असतो. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगली भागात आणि जुलै 2021 मध्ये चिपळूण-महाड भागात आलेल्या पुरांत असंख्य वाहने पाण्याखाली गेली आणि त्यांतली काही दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात आलेली असू शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटच्या रुळांवरचा गंज, डॅशबोर्डखाली वायरींच्या जोडांवर वाळलेली माती आणि दिव्यांच्या काचांमागे साचलेली ओल या खुणा पुसणे अवघड असते. अशी गाडी पहिल्या दिवशी उत्तम चालते, आणि विजेच्या जोडण्या मात्र वर्षभर एकेक करून दगा देत राहतात.

गाडीखाली जाण्यासाठी अंगावर जुने कपडे आणि हातात चांगली टॉर्च असावी. चॅसीच्या दोन्ही तुळया पुढून मागपर्यंत पाहाव्यात. मागच्या पाट्यांचे ब्रॅकेट, केबिन संपून हौदा सुरू होतो ती जागा आणि आडव्या तुळयांचे सांधे, या तीन ठिकाणी तडे जातात. कारखान्यातले वेल्डिंग एकसारखे असते आणि गॅरेजमधले जाडसर, लाटांसारखे. मध्येच वेगळी पट्टी जोडलेली दिसली किंवा सगळी चॅसी जुनी असताना एवढ्याच हातभर भागावर ताजा रंग दिसला, तर तो खरवडून पाहण्याची परवानगी मागावी, आणि विक्रेता नाही म्हणाला तर तेथेच व्यवहार थांबवावा. पाटे मोजावेत. जादा मालासाठी कंपनीने दिलेल्यांपेक्षा एक-दोन पाटे वाढवलेले असतात, आणि वाढवलेला पाटा म्हणजे जादा भरलेल्या मालाची कबुलीच होय. रिकामी गाडी सपाट जागेवर मागून पाहिली असता एका बाजूला झुकलेली नसावी. गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा जॉइंटचा शाफ्ट हाताने फिरवून त्याच्या क्रॉसमध्ये, म्हणजे सांध्यात, ढिलाई आहे का ते पाहावे आणि हाउसिंगभोवती, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गोळ्याभोवती, ऑइलची गळती आहे का तेही पाहावे. टायर पुढच्या चाकांत आतल्या किंवा बाहेरच्या कडेने जास्त झिजले असतील, तर अलाइनमेंट बिघडलेले, बुश वा जॉइंट झिजलेले किंवा अपघातात पुढचा भाग हललेला, यांपैकी काहीतरी आहे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी भरपूर असली तरी सहा-सात वर्षांपूर्वीच्या टायरवर भरलेली गाडी चालवू नये.

इंजिन थंड असताना पाहायचे आहे, असे आधीच फोनवर सांगावे आणि पोहोचल्यावर बॉनेटखाली हात लावून खात्री करावी. आपण जाण्यापूर्वी गाडी तापवून ठेवली असेल, तर सकाळी पुन्हा येतो असे सांगून परतावे. थंड इंजिन एक-दोन प्रयत्नांत सुरू व्हावे. सुरू होताना थोडा धूर येऊन थांबला तर काळजी नाही. सतत निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. रेस केल्यावर दाट काळा धूर म्हणजे इंजेक्टर, टर्बो किंवा हवेच्या मार्गात दोष आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर सुटत राहिला, तर कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, इंजिनाच्या आत जात असल्याची शक्यता असते. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे, गरम असताना कधीही नाही. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली, तर हेड गॅस्केटचे, म्हणजे इंजिनाच्या हेडखालच्या पॅकिंगचे, काम निघणार. त्यानंतर चालू इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. तेथून धुराचे भपकारे जोराने येत असतील, तर मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात तो दोष आहे, म्हणजे रिंगा-पिस्टन झिजले आहेत आणि इंजिन उघडावे लागणार आहे. थोड्या पैशांतल्या गाडीसाठी हा खर्च असा असतो की त्यानंतर व्यवहारात काही उरत नाही.

मीटरवर विश्वास ठेवू नये, हिशेब करावा. रोज 80 किलोमीटर आणि वर्षाला 300 दिवस धरले, तर वर्षाला 24,000 आणि सहा वर्षांत 1,44,000 किलोमीटर होतात. भाड्याने चाललेल्या सहा वर्षांच्या गाडीचा मीटर साठ हजार दाखवत असेल आणि क्लचच्या पॅडलचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर दोघांपैकी रबर खरे बोलते.

गाडी चालवून पाहताना ती रिकामी चालवू नये. ही सूचना विक्रेत्याला आवडत नाही, परंतु पाचसहाशे किलो माल, म्हणजे आठ-दहा माणसांच्या वजनाइतकी पोती, टाकल्याशिवाय मालवाहू गाडीचा स्वभाव कळत नाही. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय उचलला असता गिअर आपोआप सुटला, तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. मोकळ्या रस्त्यावर जपून ब्रेक लावावा आणि गाडी एका बाजूला ओढते का ते पाहावे. चालवून आल्यावर तापमानाचा काटा, इंजिनाखालची गळती आणि प्रत्येक चाकाच्या हबची उष्णता तपासावी. एकच हब फार तापलेला असेल, तर तेथला ब्रेक अडकतो आहे किंवा बेअरिंग गेले आहे.

1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांमध्ये धुरावर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा आणि सेन्सर वाढले आहेत. अशी गाडी घेताना चावी फिरवल्यावर इंजिनाचा चेतावणीचा दिवा लागतो आणि सुरू झाल्यावर विझतो, हे दोन्ही पाहावे. दिवा लागतच नसेल, तर तो मुद्दाम काढलेला असू शकतो. स्कॅनर लावून तपासण्याचे थोडे पैसे जरूर खर्च करावेत. सीएनजी गाडी असेल, तर टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी व्हावी लागते. तिची तारीख टाकीवरच्या पट्टीवर किंवा प्रमाणपत्रावर पाहावी, आणि किट बाहेरून बसवले असल्यास त्याची नोंद आरसीवर आहे ना, याची खात्री करावी. टाकीचे वजन मालाच्या वजनातून वजा होते. सुपर कॅरीच्या पेट्रोल गाडीची क्षमता 740 किलो, तर सीएनजीची 625 किलो आहे.

कागदपत्रे गाडी पसंत पडल्यावर पाहायची असतात असा समज आहे. मी ती आधी पाहतो, कारण त्याला पैसे लागत नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या एम-परिवहन अ‍ॅपवर नोंदणी क्रमांक टाकला की गाडीचा वर्ग, नोंदणीची तारीख, फिटनेस, विमा आणि पीयूसीची मुदत दिसते. ई-चलानाची थकबाकी वेगळी तपासावी. मालवाहू गाडीला पहिल्या आठ वर्षांत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतो, आणि तो नसलेली गाडी कायद्याच्या दृष्टीने नोंदणी नसलेल्या गाडीसारखीच असते. म्हणून फिटनेस संपलेली गाडी "करून घ्या हो, सोपे आहे" या शब्दावर घेऊ नये. विक्रेत्याने तो करून द्यावा आणि मग पैसे घ्यावेत. गाडीचे एकूण वजन 3,000 किलोंपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, त्यापुढे लागते. चॅसीवर कोरलेला क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवून पाहावा, आणि कोरलेल्या जागी घासल्याच्या खुणा असतील तर गाडी सोडून द्यावी.

आरसीवर कर्जाची नोंद असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, तर फॉर्म 28 वरचा ना-हरकत दाखला, येथील कर आणि नवा नोंदणी क्रमांक, हे सगळे धरून तिची खरी किंमत काढावी; तसे केल्यावर बाहेरची स्वस्त गाडी बहुतेक वेळा स्वस्त राहत नाही. विमा चौदा दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज करावा. अपघात झाला आणि विमा जुन्या मालकाच्याच नावावर असला, तर आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडकू शकते. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का, तेही पाहून घ्यावे. चालकाच्या परवान्याबाबत अनेकांच्या मनात शंका असते. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दिलेल्या निर्णयानुसार, हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीला 7,500 किलोंच्या आतील एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवता येते, त्यामुळे येथे चर्चा केलेल्या सर्व पिकअप त्यात बसतात.

भाव ठरवताना सापडलेल्या दोषांची यादी आणि आपल्या मेकॅनिकने सांगितलेला प्रत्येकाचा खर्च समोर ठेवावा. गाडीला नावे ठेवून भाव पाडण्यापेक्षा हा मार्ग सभ्य आहे आणि बहुधा जास्त उपयोगीही पडतो. ज्याने गाडी जपली आहे त्या मालकाला हिशेब पटतो. मेकॅनिकला त्याची फी द्यावी आणि ती आपणच द्यावी, म्हणजे त्याचे मत आपले राहते. गाडी ताब्यात घेताना डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहावी आणि दोघांच्या सह्या घ्याव्यात, म्हणजे त्याआधीचा दंड आणि अपघात कोणाचा, याचा वाद उरत नाही. रक्कम बँकेतून द्यावी.

गाडी घरी आणल्यावर लगेच भाडे मारू नये. इंजिन ऑइल, तिन्ही फिल्टर, कुलंट, ब्रेक ऑइल, गिअर व हाउसिंगचे ऑइल बदलावे, सर्व ग्रीस निपलांना ग्रीस भरावे आणि टायमिंग बेल्ट असलेले इंजिन असेल तर जुन्या मालकाने बदलल्याची पावती नसल्यास तो नवा बसवावा. पहिल्या पाचशे किलोमीटरला निम्माच माल भरावा, आणि त्यानंतर पाट्यांचे यू-बोल्ट, चाकांचे नट व हौद्याचे बोल्ट पुन्हा आवळून मगच गाडीला पूर्ण कामाला लावावे.